जमिनीच्या गोंगाटातून कवचातला ऊर्जाक्षय कसा मोजायचा: मराठवाड्यात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

गाइडनी विषय दिला आहे, डिपार्टमेंटच्या कपाटात जमिनीची कंपनं टिपणारे पाच-सहा सेन्सर पडून आहेत आणि पुढची पायरी कोणती ते नीट सांगणारं कोणी नाही, अशा अवस्थेत तुम्ही असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. जमिनीच्या सततच्या बारीक थरथरीवरून, म्हणजे तिच्या ‘गोंगाटा’वरून, पृथ्वीच्या कवचातून जाताना लाटा किती ऊर्जा गमावतात ते मोजायचं, हा तो विषय. मीही इथूनच सुरुवात केली. माझं जवळजवळ एक वर्ष चुकीच्या क्रमाने काम केल्यामुळे वाया गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून सगळं क्रमवार लिहितो आहे. भौतिकशास्त्र किंवा भूशास्त्रातली पदवी आणि पायथॉनची तोंडओळख एवढी तयारी तुमची आहे असं धरतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की बसवा. या विषयावर तुम्हाला जे शिकवणीचे व्हिडिओ आणि तयार प्रोग्रॅम मिळतील, ते बहुतेक सगळे या लाटांचा वेग काढण्यासाठी लिहिलेले असतात. वेग काढणाऱ्याला लाट कधी पोहोचली एवढंच कळलं तरी पुरतं. आपल्याला ती पोहोचली तेव्हा किती उंच होती, हे हवं असतं. वेगाच्या कामात जे बिनदिक्कत चालून जातं, तेच आपल्या कामाचा घात करतं. खड्डा खणण्यापासून नकाशा काढण्यापर्यंत प्रत्येक पायरीवर हा फरक आडवा येतो.

१. आधी मोजायचं काय ते समजून घ्या

भूकंप नसतानाही जमीन कधीच स्थिर नसते. समुद्राच्या लाटा तळावर दाब देत राहतात आणि ती थरथर खडकातून शेकडो किलोमीटर आत येते. लातूर समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरहून जास्त लांब आहे, तरी चांगल्या सेन्सरवर ती रोज दिसते. १० ते २० सेकंद आवर्तकाळाची एक पट्टी असते आणि ५ ते १० सेकंदांची दुसरी, जास्त जोरकस. १ सेकंदाच्या खाली आपलीच वर्दळ सुरू होते: ट्रक, मोटारी, गिरण्या, कारखाने.

दोन ठिकाणी सेन्सर ठेवून ही थरथर काही महिने नोंदवायची आणि दोन्ही नोंदींचं क्रॉस-कोरिलेशन करून (एक नोंद दुसरीवरून सरकवत दोन्ही कुठे किती जुळतात ते पाहून) ते एकावर एक रचत जायचं. मग जणू एका सेन्सरच्या जागी धक्का दिला आणि दुसऱ्याने तो ऐकला, अशी लाट वर येते. याच मार्गाने निकोलाय शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कवचाचा वेगनकाशा काढला. तिथून हा सगळा प्रवाह जोरात सुरू झाला.

ऊर्जाक्षय आपण ‘क्यू’ या आकड्याने सांगतो. क्यू १०० असेल तर लाटेच्या प्रत्येक आवर्तनाला साधारण ६ टक्के ऊर्जा जाते, ३०० असेल तर साधारण २ टक्के. भेगाळलेला, पाणी मुरलेला, तापलेला खडक ऊर्जा लवकर खातो, तिथे क्यू कमी. थंड, अखंड खडकात क्यू जास्त. यातली काही ऊर्जा घर्षणात जाऊन उष्णता होते आणि काही भेगांवर आपटून इकडेतिकडे विखुरते. आपल्या आकड्यात हे दोन्ही मिसळलेले येतात. तोंडी परीक्षेला हा प्रश्न हमखास विचारतात.

मग हे मराठवाड्यात का करायचं? किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, तीव्रता ६.२. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. माती-दगडाच्या जाड भिंती आणि वर माळवद, तीच घरं अंगावर आली. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो नांदेड-परभणीतल्या अनेकांना अजून आठवतो. पुढचा धक्का कुठे बसेल ते सांगता येत नाही. पण बसला तर त्याची हलवाहलव पन्नास किलोमीटरवर किती उरेल आणि दीडशेवर किती, हे क्यूशिवाय सांगता येत नाही. घरं आणि पूल किती मजबूत हवेत ते त्यावर ठरतं. एरवी क्यू काढायला भूकंपांच्या नोंदी लागतात आणि आपल्याकडे भूकंप विरळ. म्हणून भूकंपाची वाट न पाहता चालणारी ही पद्धत आपल्या भागासाठी मोलाची आहे.

खोलीचा ढोबळ हिशेब लक्षात ठेवा. पृष्ठलाट, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागालगत धावणारी लाट, साधारण आपल्या लांबीच्या एक तृतीयांश खोलीवरचा खडक चाचपते. वेग सेकंदाला ३ किलोमीटर धरला तर ५ सेकंदांची लाट १५ किलोमीटर लांब, म्हणजे ती सुमारे ५ किलोमीटर खोलीचं सांगते. १० सेकंदांची लाट १० किलोमीटरच्या आसपासचं. किल्लारीला केलेल्या ६१७ मीटर खोल बोअरमध्ये बेसॉल्टची जाडी ३३८ मीटर निघाली, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर आणि मग ग्रॅनाइट-नीस. म्हणजे ५ सेकंदांच्या लाटेला दख्खनचा काळा पाषाण ही नुसती साल आहे. तुमचा प्रश्न बेसॉल्टबद्दल असेल तर १ सेकंदाच्या आसपास काम करावं लागेल आणि तिथे माणसांचा गोंगाट आडवा येईल. कोणती पट्टी घ्यायची ते आत्ताच ठरवा, कारण सेन्सरही त्यावरच ठरतो.

२. जमवाजमव

कागदपत्रं:

– संस्थेच्या लेटरहेडवर प्रकल्पाची माहिती, मराठीतून. त्यात ‘यंत्र फक्त जमिनीची हालचाल नोंदवतं, काही सोडत नाही, आवाज किंवा फोटो टिपत नाही’ हे वाक्य असू द्या.
– जागामालकाची लेखी संमती, गट क्रमांकासह. सातबाऱ्यावर भावाभावांची नावं असतील तर सगळ्यांशी बोलून घ्या.
– ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र आणि पोलीस ठाण्यात दिलेल्या माहितीची पोचपावती. शेतात गाडलेला पिंप आणि त्यातून निघणारी वायर पाहून लोक काळजीत पडतात, ते रास्तच आहे.
– प्रत्येक सेन्सर आणि डिजिटायझरचं (सेन्सरचा सिग्नल आकड्यांत नोंदवणारी पेटी) कॅलिब्रेशन पत्रक, सिरीयल नंबरसह.

साहित्य:

– ब्रॉडबँड सेन्सर, निदान ३० सेकंदांपर्यंत ऐकणारे. साडेचार हर्ट्झचे स्वस्त जिओफोन १ सेकंदाच्या आसपासच्या कामाला वापरता येतात, १० सेकंदांच्या लाटेसाठी त्यांच्यावर विसंबू नका.
– जीपीएस घड्याळासह डिजिटायझर, १२ व्होल्टची बॅटरी, सोलर पॅनल, चार्ज कंट्रोलर.
– झाकणाचा प्लॅस्टिक पिंप, थर्माकोल, गोणपाट, पीव्हीसी पाइप, सिमेंट, वाळू, पाणसळ.
– कॉम्प्युटरवर पायथॉन आणि त्यात भूकंपनोंदी व गोंगाट हाताळणारे ऑब्सपाय आणि एमएसनॉइज. तिन्ही मोफत. नोंदी मिनिसीड स्वरूपात आणि यंत्राची माहिती स्टेशनएक्सएमएलमध्ये ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

सेन्सर हातात यायला वेळ असेल तर रिकामे बसू नका. हैदराबादचं एचवायबी हे भूकंपमापन स्टेशन फ्रान्सच्या जिओस्कोप जाळ्यात आहे आणि त्याच्या नोंदी खुल्या आहेत. श्रीलंकेतल्या पल्लेकेलेच्या स्टेशनच्या नोंदीही मिळतात. दोघांत साधारण साडेअकराशे किलोमीटर अंतर. या जोडीची वर्षभराची नोंद उतरवून २० सेकंदांच्या आसपासची लाट वर काढून पाहा. यातून क्यू मिळणार नाही, पण हात बसेल.

३. सगळे सेन्सर आधी एका जागी ठेवा

ही पायरी मी गाळली होती. वेगाच्या कामात ती गाळून निभावतं.

गावात जाण्याआधी सगळे सेन्सर एकाच फरशीवर, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, एकाच दिशेने लावून निदान दोन दिवस चालू ठेवा. जमीन एकच, त्यामुळे यंत्राची ओळख, म्हणजे प्रत्येक यंत्राची नोंदीवर पडणारी स्वतःची छाप, काढून टाकल्यावर सगळ्यांची नोंद सारखी यायला हवी. जिथे उंचीत दोन-चार टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसेल तिथे कारण सापडेपर्यंत तो सेन्सर नेऊ नका.

माझं काय झालं ते सांगतो. एका डिजिटायझरवर चिठ्ठी एका गेनची (सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा) होती आणि आतली सेटिंग दुसऱ्याची. ते स्टेशन सगळ्या नोंदी निम्म्या उंचीने लिहीत होतं. मी कच्च्या कोरिलेशनच्या उंचीवरून हिशेब करत होतो. दोन तालुक्यांमधे ऊर्जा विलक्षण वेगाने नाहीशी होते असं त्यातून निघालं आणि तिथे मोठा भेगाळलेला पट्टा आहे असं मी चार महिने सगळ्यांना सांगत होतो, सेमिनारमध्येसुद्धा.

आकडे पाहिले तर चूक किती सहज लपते ते कळेल. १० सेकंदांची लाट, वेग ३ किलोमीटर, क्यू १५०: अशी लाट १०० किलोमीटर गेली तर पसरण्यामुळे होणारी घट बाजूला ठेवून तिची उंची फक्त ७ टक्क्यांनी कमी होते. आपण शोधतो ती एवढीच गोष्ट. गेनची चूक ५० टक्क्यांची होती. लातूर-नांदेडच्या साधारण ११५ किलोमीटर अंतरावर उंची निम्मी होते असं धरलं तर क्यू १७ निघतो. दख्खनच्या टणक खडकात असा आकडा येऊच शकत नाही आणि तिथेच मी थांबून विचार करायला हवा होता.

४. जागा निवडा

जोडीतल्या दोन स्टेशनांत लाटेच्या लांबीच्या निदान तिप्पट अंतर हवं. १० सेकंदांच्या लाटेला ते ९० किलोमीटर होतं. लातूर-नांदेड चालेल, लातूर-धाराशिव साधारण ६० किलोमीटर, ते ५ सेकंदांच्या कामाला घ्या. स्टेशनं १२ असतील तर जोड्या ६६ मिळतात, म्हणून दोन-तीन स्टेशनं जास्तीची मिळाली तर नकाशा पुष्कळ सुधारतो.

काळ्या मातीत सेन्सर ठेवू नका. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्यासोबत तुमचा चौथरा कलतो. मुरूम लागेपर्यंत खणा, कातळ उघडा असेल तर सोन्याहून पिवळं. बालाघाटाच्या माळावर कातळ सहज मिळतो, पण तिथे पवनचक्क्या आहेत. त्यांचा थरार १ ते १० हर्ट्झमध्ये काही किलोमीटरपर्यंत दिसतो. महामार्ग, साखर कारखाना, खडी केंद्र यांच्यापासूनही लांब राहा. मोठ्या झाडाखाली खड्डा घेऊ नका, वाऱ्याने झाड हललं की मुळांसोबत जमीन हलते.

विहिरीवरच्या मोटारी मात्र टाळता येत नाहीत. पाणबुडी मोटार मिनिटाला साधारण २९०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४८, आणि ४८ हर्ट्झवर एक सरळ रेघ उमटते. माझ्या एका स्टेशनवर ही रेघ रात्री उगवायची आणि पहाटे मावळायची, पुढच्या आठवड्यात दिवसा दिसायची. शेतीच्या थ्री-फेज लायटीचं वेळापत्रकच नोंदीत उतरलं होतं. आपल्या पट्टीपासून ती इतकी दूर आहे की गाळून टाकता येते. तरी शंभर मीटरच्या आत मोटार नको, कारण पाणी उपसताना पाइप आणि हौद कमी कंपनांचाही गोंधळ घालतात.

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतं आहे, ते तुम्हाला माहीत असेल. गुरुत्वीय लहरींच्या त्या यंत्राला शांत जमीन लागते आणि जागा निवडताना हा निकष पाहिला गेला. हिंगोलीचा माळ आपल्या कामालाही तितकाच चांगला.

५. खड्डा आणि मांडणी

एक स्टेशन उभं करायला दोन दिवस धरा. पहिल्या दिवशी तीन-चार फूट खणून तळाशी लोखंड न घालता सिमेंट-वाळूचा चौथरा ओता. तो आठवडाभर मुरू द्या, मगच सेन्सर ठेवा. ओल्या चौथऱ्यावर ठेवलेला सेन्सर पहिले पंधरा दिवस हळूहळू कलत राहतो.

चौथऱ्यावर पिंप, पिंपात सेन्सर, तिन्ही पाय घट्ट टेकलेले, पाणसळीचा बुडबुडा मधोमध. भोवती आणि वर थर्माकोल भरा, झाकणावर गोणपाट आणि मातीचा ढीग. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपार आणि पहाट यांत मोठा फरक असतो आणि लांब आवर्तकाळाच्या नोंदीत हे तापमान लाटेसारखं उतरतं. सोलरचा खांब खड्ड्यापासून निदान पाच-सहा मीटर दूर रोवा. केबल पाइपातून न्या, उंदीर पहिल्याच महिन्यात कुरतडतात.

दिशा लावताना कंपासवर विसंबू नका. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि सुई कित्येक अंश फिरते. दहा पावलं सरकलं की वेगळी उत्तर दिशा दाखवते. जीपीएसने दूरच्या दोन बिंदूंची रेघ काढून तिच्यावरून उत्तर दिशा ठरवा. नवखे असाल तर पहिला अभ्यास फक्त उभ्या घटकावर, म्हणजे वर-खाली हालचालीवर करा. त्याला दिशेची गरजच नसते.

जीपीएसचा अँटेना पत्र्याखाली ठेवू नका. घड्याळ सरकलं की कोरिलेशनच्या रचलेल्या लाटा एकमेकींना खोडतात. लाट ठेंगणी होते आणि तुम्हाला वाटतं ऊर्जा खडकाने खाल्ली.

पाणी हा सगळ्यात मोठा शत्रू. खड्ड्याभोवती वीतभर उंच बांध घाला आणि उताराच्या बाजूला चर काढा. माझं एक स्टेशन ओढ्याच्या काठाकडे उतरत्या जमिनीवर होतं. जुलैत पहिल्या मोठ्या पावसाला पिंपात ढोपरभर पाणी शिरलं. सेन्सर बंद पडला असता तर त्याच दिवशी कळलं असतं. तो चालूच राहिला, फक्त कलला आणि नोंद बारीक होत गेली. हे मला दिवाळीनंतर कळलं.

जागामालकाशी नातं जपा. माझ्या सर्वांत नीट चाललेल्या स्टेशनचं श्रेय एका काकूंना आहे. त्या रोज शेळ्या चारताना पॅनलवरची धूळ पदराने पुसायच्या आणि हिरवा दिवा लागलेला नसला की मला फोन करायच्या.

६. नोंदी आणा, लगेच तपासा

निदान सहा महिने, जमलं तर पूर्ण वर्ष नोंद घ्या. लाट गोंगाटातून वर येण्याचं प्रमाण काळाच्या वर्गमुळाने वाढतं: चौपट दिवस दिले तर लाट दुप्पट स्वच्छ. वर्षभर घेण्याचं दुसरं कारण पाऊस. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो आणि गोंगाट प्रामुख्याने पश्चिम-नैऋत्येकडून येतो. हिवाळ्यात ते चित्र बदलतं. सगळ्या बाजूंनी लाटा आल्या तरच कोरिलेशन खरं बोलतं.

दर महिन्याला नोंद आणली की त्याच संध्याकाळी प्रत्येक स्टेशनचा वर्णपट (कोणत्या आवर्तकाळाला किती जोर आहे तो आलेख) काढून मागच्या महिन्याशी ताडून पाहा. ५ ते १० सेकंदांचा उंचवटा सगळ्या स्टेशनांवर एकाच वेळी चढतो आणि उतरतो. एखादंच स्टेशन त्यात सामील होत नसेल तर दोष यंत्रात आहे.

७. नोंदींची धुलाई: इथेच बहुतेकांचं बिघडतं

दिवसभराची नोंद तासातासाच्या तुकड्यांत कापा. सरासरी आणि कल काढून टाका, यंत्राची ओळख काढून जमिनीच्या वेगात आणा, नोंद सेकंदाला ५ नमुन्यांपर्यंत खाली आणा.

आता प्रश्न येतो भूकंपांचा. सुमात्रा किंवा हिंदुकुशचा मोठा धक्का आला की तो तास सगळ्या नोंदीवर भारी पडतो. तयार प्रोग्रॅममध्ये यावर ‘वन-बिट’ नावाचा उपाय असतो. त्यात प्रत्येक नमुना धन असेल तर अधिक एक, ऋण असेल तर उणे एक एवढाच ठेवतात. वेगासाठी तो सुंदर चालतो. आपण तो वापरला तर लाटेची उंची आपल्याच हाताने पुसून टाकतो. प्रोग्रॅममध्ये तो आधीपासून चालू आहे का ते सेटिंग उघडून स्वतः पाहा. माझ्या पहिल्या तीन महिन्यांच्या गणितात तो चालू होता.

त्याऐवजी भूकंपाचा तास सरळ फेकून द्या. त्या तासाची ऊर्जा दिवसाच्या मध्यकाच्या तीन-चार पट झाली की तो तुकडा बाद. जोडीतल्या एका स्टेशनवर बाद केला तर दुसऱ्यावरही करा. साधारण दहा-पंधरा टक्के नोंद जाईल, जाऊ द्या.

वर्णपट सपाट करणंही जपून. प्रत्येक स्टेशन आपापल्या परीने सपाट केलं तर दोघांमधला उंचीचा फरक नाहीसा होतो. तसं करायचंच असेल तर कोहेरन्सी काढा: दोन नोंदींचा गुणाकार दोघांच्याही गुळगुळीत केलेल्या वर्णपटांनी भागायचा. इथे गेनची चूक आपोआप कटते आणि पुढचं गणित नेमकं या भागाकाराला धरूनच बसवलेलं आहे. केइती अकींनी १९५७ मध्ये या वाटेचा पाया घातला. जर्मान प्रिएतो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्यावरून क्षय काढून दाखवला.

८. क्यू काढा

दोन वाटा आहेत. सरळ लाटेची वाट अशी: वेगवेगळ्या अंतरांवरच्या जोड्यांत लाटेची उंची अंतरासोबत कशी घटते ते पाहायचं. पसरण्यामुळे होणारी घट बाजूला काढली की उरते ती क्षयाची. दिसायला सोपी आहे, पण गोंगाट एकाच बाजूने येत असेल तर ती फसवते. वर सांगितलेला ७ टक्क्यांचा आकडा आठवा. अरबी समुद्राच्या दिशेतल्या जोडीत लाट आपोआप उंच दिसते, आडव्या जोडीत ठेंगणी, आणि हा फरक ७ टक्क्यांच्या कितीतरी पट असतो. व्हिक्टर त्साई यांनी २०११ मध्ये गणिताने दाखवलं की गोंगाटाचे स्रोत कसे पसरलेत यावर ही उंची फार अवलंबून असते. ही वाट पुष्कळ स्टेशनं आणि सगळ्या दिशांच्या जोड्या असतील तेव्हाच धरा.

म्हणून नवख्यांना मी कोडाची वाट सांगतो. सरळ लाट येऊन गेल्यावर मागे जी रेंगाळणारी थरथर उरते ती कोडा. देवळातली घंटा वाजून गेल्यावर घुमत राहते, तसं. हे घुमणं कवचातल्या असंख्य भेगांवरून परतलेल्या लाटांचं असतं. त्या सगळ्या दिशांनी फिरून आलेल्या असतात, त्यामुळे मूळ गोंगाट कुठून आला याचा परिणाम पुष्कळ कमी होतो. शिवाय आपण एकाच जोडीत घुमणं किती वेगाने विरतं तेवढंच मोजतो. गेन अर्धा असला तरी उतार तोच राहतो. गेनच्या घोटाळ्यातून मला सोडवलं ते याच गुणाने.

कृती अशी. रचलेलं कोरिलेशन घ्या आणि ५ सेकंदांच्या भोवतीची अरुंद पट्टी गाळून वेगळी काढा. लाटेचं वरचं आवरण काढा. लातूर-नांदेडला सरळ लाट ३८ सेकंदांच्या आसपास येते. तिच्या दुपटीनंतर, म्हणजे ८० सेकंदांपासून, २०० सेकंदांपर्यंतचा तुकडा घ्या. आवरणाला काळाच्या वर्गमुळाने गुणा, कारण पृष्ठलाट पसरताना तेवढी उतरते. मग त्याचा नैसर्गिक लॉगरिदम काढून काळासमोर मांडा. सरळ उतरती रेघ मिळायला हवी. पाय (π) गुणिले वारंवारता, भागिले रेघेचा उतार: हा तुमचा क्यू. ५ सेकंद म्हणजे ०.२ हर्ट्झ. उतार सेकंदाला ०.००४२ आला तर क्यू १५०. उजवी आणि डावी, म्हणजे धन आणि ऋण काळाची बाजू, दोन्हींचा क्यू वेगवेगळा काढा. त्यांच्यात फार तफावत असेल तर ती जोडी बाद करा.

मोठा सापळा इथे आहे. रचलेल्या कोरिलेशनमध्ये कुठेतरी घुमणं संपतं आणि उरलासुरला गोंगाट सुरू होतो. तो सपाट असतो. तुमचा तुकडा त्यात शिरला की रेघ आडवी होत जाते. तीच जोडी, पण उतार ०.००४२ ऐवजी ०.००२५ आला की क्यू १५० वरून २५० होतो आणि नकाशावर छान अखंड खडक दिसू लागतो. म्हणून ८०० ते १००० सेकंदांवरची पातळी आधी मोजा. आवरण त्या पातळीच्या तिप्पटीवर असेल तोवरच रेघ ओढा. नोंद निम्मी करून पुन्हा क्यू काढा, तो फार बदलला तर अजून दिवस हवेत.

९. नकाशा आणि त्याची परीक्षा

प्रत्येक जोडीचा क्यू हा दोन्ही स्टेशनांभोवतीच्या लंबवर्तुळातल्या खडकाची सरासरी असतो. नकाशा काढताना हिशेब क्यूचा न करता एक भागिले क्यूचा करा, कारण वाटेवर बेरीज होते ती क्षयाची. प्रदेशाचे २५-३० किलोमीटरचे चौकोन पाडा, प्रत्येक जोडीचा भार त्या चौकोनांत वाटा आणि गुळगुळीतपणाची अट घालून सोडवा. प्रोग्रॅम हे मिनिटभरात करतो.

वेळ द्यायचा तो परीक्षेला. खोटा नकाशा रचा, बुद्धिबळाच्या पटासारखा एक चौकोन कमी क्यूचा आणि एक जास्तीचा. त्यातून तुमच्याच जोड्यांसाठी खोट्या नोंदी बनवा आणि तुमच्याच प्रोग्रॅमने उलटा नकाशा काढा. जिथे पट परत दिसला तिथलंच बोला. माझ्या नकाशात बीडच्या पश्चिमेला पट पूर्ण विरघळला होता. तो भाग मी पांढरा सोडला. परीक्षकांनी त्याबद्दल कौतुकच केलं.

नकाशा भूशास्त्राच्या नकाशाशेजारी ठेवून पाहा, पण घाई करू नका. कमी क्यूचा ठिपका आणि एखादी ज्ञात भेग जवळजवळ आली की ‘हीच ती’ असं लिहायचा मोह होतो. एकेक स्टेशन वगळून नकाशा पुन्हा काढा. ठिपका एकाच स्टेशनवर उभा असेल तर तो खडकातला नाही, त्या खड्ड्यातला आहे.

१०. आवराआवर

प्रत्येक स्टेशनची वही नोंदींच्या फोल्डरमध्येच स्कॅन करून ठेवा: कधी लावलं, कोणता सिरीयल नंबर, गेन किती, पाणी कधी शिरलं, केबल कधी बदलली. पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलामुलींना नोंदींइतकीच ही वही लागेल.

सेन्सर काढला की चौथरा फोडून खडी बाजूला करा, खड्डा मुरमाने भरून वर काळी माती घाला आणि पेरणीआधी हे उरका, नाहीतर औत अडकतं. जाताना त्या शेतातल्या जमिनीची दिवसभराची नोंद कागदावर छापून मालकाला द्या. कुठल्या तासाला समुद्राचा जोर वाढला, कुठे लांबचा भूकंप उमटला, ते बोटाने दाखवा. शेळ्यावाल्या काकूंनी तो कागद घडी न घालता घरी नेला आणि देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीला लावला. त्यांचं माहेर किल्लारीजवळच्या एका गावातलं. त्या रात्रीची अशी नोंद कुठे आहे का, असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा कॉम्प्युटर उघडून मी त्यांना दूरच्या स्टेशनांवर उमटलेली ती लाट दाखवली.